हँडलावरचा वाटाड्या

सुट्टीच्या दिवशीं पहांटे पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे किंवा मुंबईहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें, तर मोटारसायकलींची जी रांग डोळ्यांपुढून जाते, तींत एक गोष्ट बहुतेक सर्व वाहनांवर सारखीच दिसते. हँडलाच्या मध्यावर एक होल्डर बसविलेला असतो, त्यांत स्मार्टफोन उभा केलेला असतो, आणि त्याच्या कांचेवर निळ्या रेघेवरून एक लहानसा बाण सरकत असतो. स्वाराच्या हेल्मेटाखालीं कानाशीं एक आवाज बोलत असतो: दोनशें मीटरांवर डावीकडे वळा. स्वार वळतो. आपणांस कोणी वाट दाखविली, हा प्रश्न त्याच्या मनांत येत नाहीं, आणि येण्याचें कारणही नाहीं.

या वाटाड्याचा इतिहास सांगण्याची एक रीत पडून गेली आहे. होकायंत्रापासून आरंभ करावा, नकाशावरून उपग्रहावर यावें, आणि मानवी बुद्धीचा विजय झाला असें म्हणून लेखणी खालीं ठेवावी. हा इतिहास खोटा नाहीं. परंतु तो अपुरा आहे असें आम्हांस वाटतें. वाट दाखविणें हें एक काम आहे. तें कोणास तरी करावें लागतें. आणि तें करणारास त्याबद्दल काय मिळालें, हा प्रश्न यंत्रांच्या यादींत कोठेंच येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तोच प्रश्न हातीं धरून चालणार आहों.

इंग्रजी अमलापूर्वीं, आणि त्या अमलांतही पुष्कळ काळपर्यंत, महाराष्ट्रांतील प्रवासी रस्त्यानें जात नसे. तो गांवाहून गांवास जाई. पक्के रस्ते थोडे आणि पायवाटा असंख्य. एका पावसाळ्यांत ओढ्यानें वाट खाल्ली कीं दुसऱ्या उन्हाळ्यांत ती चार शेतांपलीकडून पडे. अशा मुलखांत परक्या माणसास पुढच्या गांवापर्यंत पोंचविण्याचें काम गांवगाड्यानें महारांवर टाकलेलें होतें. सरकारी कामगार आला, फौजेची तुकडी आली, कोणी साहेब तंबू घेऊन आला, कीं वेसकरास हांक जाई. तो पुढें चाले, शीव ओलांडून पुढच्या गांवीं पोंचला म्हणजे प्रवाशास तेथल्या माणसाच्या हवालीं करी, आणि आपल्या गांवीं परत फिरे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत गांवकामगारांच्या व्यवस्थेचें जें सविस्तर चित्र आहे, तें वाचणाऱ्यास या व्यवस्थेची घडण चांगली समजेल.

या कामाचा मोबदला म्हणजे वतनाची थोडी जमीन आणि सुगींतलें बलुतें. तो पिढ्यान् पिढ्या ठरलेला. काम मात्र न ठरलेलें. रात्र असो, पाऊस असो, घरांत आजारी माणूस असो. हांक आली कीं निघावें लागे. नाहीं म्हणण्याची सोय त्या वतनांत नव्हती. यांतली सर्वांत बोंचणारी गोष्ट अशी कीं, गांवच्या सर्व वाटा ज्याला अंधारांतही ठाऊक, त्यालाच त्या गांवांतल्या पाणवठ्याच्या आणि देवळाच्या वाटेनें जाण्याची मुभा नसे. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनी कायद्याच्या दुरुस्तीचें जें बिल मांडलें, त्याचा रोख या बांधलेल्या सेवेवरच होता. तें बिल पार पडलें नाहीं. कनिष्ठ ग्रामवतनें कायद्यानें नाहींशीं होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत पृथ्वीभोंवतीं मानवनिर्मित उपग्रह फिरूं लागले होते, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

वेसकराच्या ज्ञानाचा एक गुण येथेंच नमूद करून ठेवला पाहिजे, कारण पुढें तो आम्हांस लागणार आहे. त्याचें ज्ञान शिवेपर्यंतचें होतें. पण शिवेच्या आंत तें ताजें होतें. काल नदीला किती पाणी होतें, कोणत्या उतारानें गाडी जाईल आणि कोणत्या उतारानें नुसता माणूस जाईल, हें तो सांगूं शके; कारण कालच तो तेथून गेलेला असे.

ही माणसाची जागा हळूहळू सरकारनें घेतली. १८०२ च्या एप्रिल महिन्यांत विल्यम लँब्टन यानें मद्रासजवळ आधाररेषा मोजावयास घेतली, आणि सबंध देश त्रिकोणांच्या जाळ्यांत पकडण्याचें तें प्रचंड काम सुरू झालें. १८३० च्या नोव्हेंबरांत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. रस्त्याबरोबर मैलाचा दगड आला. बलुतें न मागणारा हा पहिलाच वाटाड्या म्हणावयाचा. दगड मुका असला तरी प्रामाणिक असतो. नकाशाची गोष्ट मात्र निराळी. नकाशा वाट दाखवीत नाहीं. तो मुलूख दाखवितो, आणि वाट आपण काढावयाची असते. शिवाय हे नकाशे प्रथम सैन्यासाठीं आणि महसुलासाठीं होते; घाटांतल्या प्रवाशासाठीं नव्हे. ते तयार करतांना डोंगरमाथे साफ करणारीं, अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र खांद्यावरून चढविणारीं आणि जंगलांतल्या तापानें मरणारीं माणसें कोण होतीं, हें त्या कागदांवर लिहिलेलें नसतें.

मोटार आली तेव्हां जुन्या प्रश्नास नवी घाई लागली. पायीं जाणाऱ्यास फांट्यावर थांबून विचारतां येतें; वेगानें जाणारा फांटा ओलांडून गेल्यावर विचारात पडतो. १९०९ च्या सुमारास अमेरिकेंत जोन्स नांवाच्या गृहस्थानें एक मौजेचें यंत्र काढलें. गाडीच्या चाकाशीं तारेनें जोडलेली एक तबकडी. तिच्यावर कागदाची चकती बसवावयाची. गाडी जसजशी चालेल तसतशी चकती फिरे, आणि कडेला छापलेली सूचना काट्याखालीं येई: येथें उजवीकडे, येथें पूल. गाडी ठरल्या वाटेवरून जरा जरी ढळली, तरी चकती मात्र निर्विकारपणें फिरतच राही! १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत मनगटावर घड्याळासारखें बांधावयाचें एक साधन निघालें. त्यांत नकाशाची अरुंद गुंडाळी असे आणि ती बोटानें फिरवावयाची. तें फारसें खपलें नाहीं. पण दोन्ही हात हँडलावर आणि तोंडावर वारा अशा अवस्थेंतल्या माणसास घडीचा नकाशा निरुपयोगी असतो, ही अडचण त्या लहानग्या वस्तूनें ओळखली होती. मोटारसायकलस्वारांनीं पुढें कितीतरी वर्षें आपल्यापुरता उपाय केला. रात्रीं नकाशा पाहून गांवांचीं नांवें क्रमानें कागदावर उतरावयाचीं, आणि तो कागद पेट्रोलच्या टाकीवर चिकटवावयाचा. पाऊस आला कीं मधलीं दोन गांवें पुसून जात, आणि तेवढ्यापुरती पुन्हा चहाच्या टपरीवर चौकशी.

कागदाच्या या गुंडाळीचा मान मोटारसायकलींच्या एका शर्यतींत फार दिवस टिकला. थिएरी साबीन हा फ्रेंच स्वार १९७७ सालीं आफ्रिकेंतील एका शर्यतींत मोटारसायकलीसह वाळवंटांत चुकला, मरतां मरतां वांचला, आणि परत जाऊन त्यानें १९७८ च्या डिसेंबरांत पॅरिस ते डकार ही शर्यत सुरू केली. वाट चुकलेल्या माणसानें वाट चुकण्याचीच स्पर्धा काढावी, यांत आम्हांस कांहीं तरी फार मानवी वाटतें. तेथें स्वारापुढें हँडलावर गुंडाळीच असे, आणि उपग्रहाचें यंत्र त्याला मनमुराद वापरूं देत नसत. वाट काढणें हाच त्या खेळाचा अर्धा भाग असल्यामुळें.

आतां आकाशाकडे वळूं. १९८१ सालीं जपानांत होंडा कंपनीनें मोटारीसाठीं एक यंत्र काढलें होतें. तें बाहेरच्या कोणास न विचारतां, गाडी किती वळली आणि किती चालली यावरूनच ती कोठें आहे याचा अंदाज करी. डोळे मिटून पावलें मोजीत चालणाऱ्या माणसासारखीच त्याची चूक पावलागणिक सांचत जाई. उपग्रहांनीं हा दोष काढून टाकला. अमेरिकेच्या सैन्यखात्यानें या मालिकेंतील पहिला उपग्रह १९७८ च्या फेब्रुवारींत सोडला, आणि १९९५ सालीं चोवीस उपग्रहांची योजना पुरी झाल्याचें जाहीर झालें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते दिवसांतून दोनदां पृथ्वीप्रदक्षिणा करतात, आणि प्रत्येकावर अणुघड्याळ असतें. उपग्रह बोलतो तें इतकेंच: मी अमुक ठिकाणीं आहें, आणि आतां अमुक वाजले आहेत. तो निरोप खालीं येण्यास किती वेळ लागला यावरून फोन आपलें अंतर काढतो. चार उपग्रहांचे निरोप मिळाले म्हणजे आपली जागा, उंची आणि स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक या सर्वांचा उलगडा होतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार त्या उंचीवरचें घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षां दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातें. ती दुरुस्ती केली नाहीं, तर एका दिवसांतच दहा किलोमीटरांच्या आसपास घोटाळा होईल. सापेक्षतावाद व्यवहारांत कोठें उपयोगी पडतो असें विचारणाऱ्यास ताम्हिणींतला कोणताही स्वार दाखवावा.

हें ज्ञान सर्वांस खुलें कसें झालें? १ सप्टेंबर १९८३ रोजीं दक्षिण कोरियाचें एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें आणि पाडण्यांत आलें. २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनें ही योजना पुरी झाल्यावर नागरी उपयोगासाठीं मोफत देण्याचें जाहीर केलें. तथापि दिलेल्या वस्तूंत एक खोट मुद्दाम ठेवलेली होती. नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे, आणि जागा शंभर मीटरांच्या फरकानें कळे. मैदानांत हें चालून जाईल. वळणावळणाच्या घाटांत शंभर मीटर म्हणजे खालचा रस्ता कीं वरचा, रस्ता कीं दरी, हा फरक आहे. मे २००० च्या आरंभीं ती भेसळ बंद झाली, आणि त्यानंतरच हँडलावरचा वाटाड्या व्यवहारांत शक्य झाला. जो वाट दाखवितो त्याला ती लपवितांही येते. १९४० सालीं जर्मन आक्रमणाच्या भीतीनें इंग्रजांनीं आपल्याच देशांतल्या रस्त्यांवरील दिशादर्शक पाट्या उपटून ठेवल्या होत्या. त्या भेसळीमागची बुद्धि हीच. आपल्या देशानें जुलै २०१३ पासून एप्रिल २०१६ पर्यंत सात उपग्रह सोडून ‘नाविक’ नांवाची स्वतःची योजना उभी केली, तिच्या मुळाशींही हा विचार होताच.

येथें एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. “उपग्रह वाट दाखवितो” असें आपण सहज म्हणतों. पण उपग्रहास वाट ठाऊक नाहीं. त्याला रस्ता, फांटा, घाट, पूल यांतलें कांहीं माहीत नसतें. किंबहुना खालीं कोणी ऐकत आहे हेंही त्याला माहीत नसतें. तो फक्त तुम्हीं कोठें आहांत हें काढण्यास साह्य करतो. तेथून पुढें कोणीकडे जावें, हें ज्ञान पृथ्वीवरूनच, आणि माणसांकडूनच यावें लागतें. मग आजचा वेसकर कोण?

गूगल कंपनीचा अनुभव या दृष्टीनें बोधप्रद आहे. परदेशांत चालणारी रीत, म्हणजे अमक्या रस्त्यानें इतकें अंतर जाऊन तमक्या रस्त्यास वळा, ही आपल्याकडे कोणास समजेना; कारण आपल्याकडे रस्त्याचें नांव तेथें राहणारासही ठाऊक नसतें. आपण सांगतों तें मारुतीच्या देवळावरून उजवीकडे आणि पिठाच्या गिरणीपाशीं डावीकडे. २००९ सालीं कंपनीनें भारतापुरती आपली भाषा बदलली आणि सूचनांत अशा खुणा घातल्या. यंत्रास आमच्या पारावरच्या माणसासारखें बोलावयास शिकावें लागलें! पुढें डिसेंबर २०१७ मध्यें दुचाकीसाठीं वेगळी वाट दाखविण्याची सोय झाली, ती प्रथम भारतांतच. मोटारीस न शिरतां येणारे बोळ आणि आडवाटा तींत घेतल्या गेल्या, आणि लागणारा वेळही दुचाकीच्या चालीनें मोजला जाऊं लागला.

पण पुढचा रस्ता मोकळा आहे कीं तुंबला आहे, हें त्या फोनास कसें कळतें? उत्तर असें कीं, आपल्या पुढें गेलेल्या स्वारांच्या फोनांवरून. प्रत्येकाचा फोन आपली जागा आणि गति कळवीत जातो. त्यांची सरासरी निघते, आणि नकाशावर रस्ता तांबडा किंवा हिरवा होतो. फेब्रुवारी २०२० मध्यें सायमन वेकर्ट या कलावंतानें बर्लिनमध्यें एका हातगाडींत ९९ फोन घातले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यांतून सावकाश ओढली. नकाशावर तो रस्ता तुंबल्याचें दिसूं लागलें. यावर कंपनीच्या प्रवक्त्यानें दिलेल्या उत्तराचा आशय असा होता कीं, भारतासारख्या कांहीं देशांत मोटार कोणती आणि मोटारसायकल कोणती हें आम्हांला ओळखतां येऊं लागलें आहे. हातगाडीचें मात्र अजून साधलेलें नाहीं. उत्तर विनोदी खरें, पण त्यांत सगळी गोष्ट येऊन गेली. वाट ओळखली जाते ती चालणाऱ्यांच्या चालीवरून. ताम्हिणींतला जो स्वार फोनकडे पाहून वाट काढीत आहे, तोच त्याच क्षणीं मागून येणाऱ्यांचा वाटाड्याही आहे. विनामूल्य, आणि बहुधा नकळत.

वेसकराशीं त्याची बरोबरी करण्याचा मोह आम्ही टाळतों. एकास जन्मानें बांधलें होतें; दुसऱ्यास फोन बंद करून खिशांत घालण्याचें स्वातंत्र्य आहे. ही दोन दुःखें एका तागडींत घालणें हा पहिल्याचा अपमान होईल. परंतु एक स्वार असा आहे कीं ज्यास फोन बंद करण्याची मुभा नाहीं. शहरांतून जेवणाचे डबे आणि सामान पोंचविणारीं जीं तरुण मुलें दिवसभर मोटारसायकलीवर असतात, त्यांना फोन वाट दाखवितो, वेळ घालून देतो, आणि ते कोठें पोंचले हें मालकास व गिऱ्हाइकासही दाखवितो. जुना वेसकर वाट दाखवी आणि त्याच्यावर हुकूम चाले. येथें ज्याला वाट दाखविली जाते त्याच्यावर हुकूम चालतो. अशा कामकऱ्यांची व्याख्या आपल्या कायद्यांत प्रथम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आली. वतनाचा प्रश्न सुटण्यास किती दशकें लागलीं तें वर सांगितलेंच आहे. या प्रश्नास तितकीं न लागोत.

स्वाराच्या जिवाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटारसायकल दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. कांचेवर नजर टाकून ती उचलीपर्यंत इतका रस्ता न पाहतां सरून जातो, आणि आपल्या रस्त्यांवर तेवढ्यांत खड्डा, म्हैस आणि उलट्या बाजूनें येणारा ट्रॅक्टर हीं तिन्हीं भेटूं शकतात. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटारवाहन नियमांत वाहन चालवितांना हातांतला फोन केवळ मार्गदर्शनासाठीं, आणि चालविणाराचें अवधान ढळणार नाहीं अशा रीतीनेंच, वापरण्यास मोकळीक देण्यात आली. अवधान ढळलें कीं नाहीं हें अपघातानंतरच ठरतें, ही अडचण नियम करणारांस दिसली असेलच. स्वतः फोनचीही या कामाबद्दल तक्रार आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीच्या थरथरीनें कॅमेऱ्यांतील चित्र स्थिर ठेवणारी रचना बिघडूं शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेंच सप्टेंबर २०२१ मध्यें दिला. आम्हांस विचाराल तर रॉयल एन्फील्डनें २०२० सालीं आपल्या मिटिऑर या गाडीवर जी लहानशी वाटोळी तबकडी बसविली, ती अधिक शहाणपणाची वाटते. तींत नकाशा नव्हता. नुसता बाण आणि अंतर. वाटाड्यानें बोट दाखवावें आणि गप्प बसावें, ही जुनी रीत तींत होती. पण २०२३ च्या अखेरीस त्याच कंपनीच्या नव्या हिमालयन गाडीवर सबंध नकाशा आला; गिऱ्हाइकास कमी दाखविलेलें आवडत नाहीं, हेंच खरें.

आतां वेसकराच्या ताज्या ज्ञानाविषयीं वर जें राखून ठेवलें होतें तें. जानेवारी २०२१ मध्यें अकोले तालुक्यांत कोतूळजवळ, फोनच्या सांगण्यावरून रात्रीं निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली, आणि एका माणसाचा अंत झाला. नकाशावर पूल होता. पूल खोटाही नव्हता; वर्षांतले कांहीं महिनेच तो पाण्याखालीं जाई. कोतूळच्या कोणत्याही पोरानें हें सांगितलें असतें; पण विचारण्याची गरजच पडूं नये म्हणून तर हा सारा खटाटोप आहे. ज्या वाटेनें कोणी जात नाहीं, त्या वाटेची खबरही कोणाचा फोन देत नाहीं. आणि वाट बंद आहे म्हणून कोणी जात नाहीं, कीं ओसाड आहे म्हणून, हें आंकड्यांवरून ओळखणें सोपें नाहीं.

असें झालें म्हणजे गांवकरी पुन्हा वाटाड्याच्या कामास लागतात. कर्नाटकांत कोडगू जिल्ह्यांत एका विश्रामस्थानाकडे जाणारीं वाहनें फोनच्या भरंवशावर भलत्याच रस्त्यास लागत. मार्च २०२४ मध्यें तेथल्या एका पाटीचें छायाचित्र देशभर पाहिलें गेलें. गूगल चुकतें आहे, हा रस्ता तिकडे जात नाहीं, असें रस्त्याच्या कडेला इंग्रजींत लिहून ठेवलेलें होतें.